चोचवलेली काकडी

ओट्यावर दोन वस्तू शेजारी शेजारी आहेत. लाकडी मुठीची जुनी सुरी आणि मुलीने आणलेला, दोरी ओढायचा हिरवा चॉपर. मी केव्हाचा दोन्हींकडे बघत उभा आहे.

बायकोचा हात हल्ली थरथरतो. "बाबा, आईला सुरी देऊ नका," मुलगी म्हणाली, तेव्हा मी ती फडताळात वर ठेवून दिली. बरोबरच केलं असं वाटलं.

पण इतकी वर्षं काकडी हीच चोचवायची. सोललेली काकडी डाव्या तळहातावर उभी धरून तिच्यावर सुरीचे बारीक घाव घालायची आणि मग वरचा पातळ थर कापायची. भांड्यात नुसता चुरा भुरभुरायचा. तळहाताला कधी लागलं नाही. कसं, कोण जाणे.

काल मी चॉपरची दोरी पाच-सहा वेळा ओढली. काकडीचं पार पाणी झालं. त्यातच दाण्याचं कूट ढकललं आणि बोलणी खायच्या तयारीने जेवायला बसलो. माझ्या कोशिंबिरीला तिने आजवर कधी बरं म्हटलेलं नाही.

ती म्हणाली, "छान झालीय हो."

तेव्हापासून मला काही सुचत नाही. बोट कापलेलं परवडेल, की हे कौतुक? म्हणून आज सुरी पुन्हा खाली काढली.

ती आली. सुरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "असे डोक्यावर उभे राहू नका. व्हा बाहेर!"

किती दिवसांनी डाफरली! मी दाराआड उभा राहून ऐकतोय. खच, खच, खच.

आवाज थांबलाय. आत जाऊ का?