अप्पांचं फेसाचं छप्पर

चेरमन अप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडं बघायचे नाहीत, वर बघायचे. मग टोपी काढून खोलीच्या मधोमध उभे राहायचे. घामानं कपाळावरची विभूती ओघळली की छप्पर नापास, पट्टे जागेवर राहिले की पास. गावातले लोक मुलीसाठी स्थळ बघायला निघाले की अप्पांना सोबत न्यायचे, आणि अप्पा मुलाला एकही प्रश्न न विचारता आढ्याकडं बघत बसायचे. परत येताना मुलीच्या बापानं विचारलं, "काय वाटतं अप्पा?" तर म्हणाले, "पोरगं कसंय मला काय म्हाईत? पन मातीचं माळवद झकास हाय. पोरगी उन्हाळ्यात सुखात ऱ्हाईल."

अप्पा आमच्या दूध संस्थेचे चेअरमन आणि मी तिथं कॅन धुणारी. मी फारशी बोलायची नाही, त्यामुळं सगळं ऐकायला मिळायचं. दुष्काळाची वर्षं होती. शेतात काही उगवत नव्हतं. घरटी एखादी म्हैस कशीबशी जगवलेली, तिच्या दुधावर घर चालायचं. पण दूध गोळा करायचं आमचं केंद्र पत्र्याचं. लोहाऱ्याहून दूध न्यायची गाडी यायला दुपार व्हायची, तोवर आत दूध नासायचं. गाडीवाला झाकण उघडायचा, तोंड वाकडं करायचा आणि कॅन तिथंच ठेवून जायचा. अखेर वरून, दूध संघाकडून निरोप आला की या उन्हाळ्यात पुन्हा दूध नासलं तर केंद्र बंद. त्या दिवशी दूध घालायला आलेल्या बायका घरी जायला उठेचनात.

अप्पा सोलापूरला गेले होते. तिथं एका बर्फाच्या कारखान्याच्या छपराखाली टोपी काढून उभे राहिले आणि विभूती हलली नाही म्हणे. येताना दोन पिंपं, एक मशीन आणि तोंडाला फडकी बांधलेली माणसं घेऊनच आले. त्या माणसांनी पत्र्यावर पिचकारी मारायला सुरुवात केली. पातळ काहीतरी पडायचं, आंबवलेल्या पिठासारखं फुगायचं आणि बघता बघता घट्ट व्हायचं. ती माणसं त्याला फोम म्हणायची, गावानं त्याला फेस ठरवलं.

रोज दूध घालायला येणारी कौसल्यामावशी कमरेवर हात ठेवून उभी. "अप्पा, प्यायला पानी न्हाय अन् तुमी छपराला साबन लावायलाव व्हय? आता धुनार कशानं?"

"हसून घ्या," अप्पा म्हणाले. "ह्या फेसाखाली दूध नासलं तर माझ्या दारात आनून वता. चेरमनकी सोडतो अन् तुमच्या म्हशी वळतो."

"आमची म्हस मारकी हाय, आधीच सांगते."

आत गारवा आला, हे खरं. पण कावळ्यांना फेस फार आवडला. चोची मारून तुकडे काढायचे आणि घरट्याला न्यायचे. मग अप्पा गोफण घेऊन समोरच्या लिंबाखाली बसू लागले, ज्वारी राखावी तसे. एकदा वरचे साहेब तपासणीला आले आणि मला विचारलं, "चेअरमन कुठं आहेत?" मी खाली बघत सांगितलं, "छप्पर राखायलेत."

कावळे हटले तर बायका वर चढल्या, कुरडया वाळवायला. अप्पा खालून ओरडले, "उतरा! टाचा रुतल्यात!" पुढं उन्हानं फेस पिवळा पडला, हात लावला की भुकटी यायची. मावशी म्हणाली, "कावीळ झाली, मंतरून घ्या." अप्पांनी दवाखान्यात न्यावं तशा काळजीनं त्याला पांढरा रंग दिला. दूध मात्र एकदाही नासलं नाही.

वैशाखात एका दुपारी आभाळ काळं झालं. गाडी यायची होती, कॅन भरून ठेवलेले. एकदम वारा सुटला आणि गारा सुरू झाल्या. जवळच्या बायका धावत आत आल्या. मावशी तर रेडकू घेऊन आली. समोरच्या शाळेचे पत्रे आमच्या डोळ्यांदेखत उडाले. गावभर पत्रे बडवल्यासारखा आवाज आणि आमच्या डोक्यावर नुसतं थप थप.

"वर कोन पीठ मळायलंय?" अप्पांनी विचारलं.

मावशी म्हणाली, "अप्पा, तुमचा फेस उडाला तर आमचं कसं?"

"फेसानं पत्र्याला पत्रा चिकटलाय मावशी. उडाला तर समदाच उडंल. एकट्याला कुनी टाकून जानार न्हाय."

उडाला नाही. गारा थांबल्यावर बघितलं तर फेसावर देवीच्या वणासारखे खड्डेच खड्डे, पण आत थेंब नाही. रस्त्यात झाड पडलेलं, म्हणून गाडी पार संध्याकाळी आली. गाडीवाल्यानं झाकण उघडलं. एवढा उशीर कधीच झाला नव्हता. त्यानं वास घेतला, पुन्हा घेतला आणि कॅन उचलून गाडीत ठेवला.

अप्पांनी टोपी काढून कपाळ चाचपलं. मावशी म्हणाली, "म्हशी वळायचं ऱ्हाऊनच गेलं की तुमचं!" आणि पदरानं डोळे पुसले.

मग बरीच वर्षं गेली. अप्पा आजारी पडल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. त्यांचं घर शेतातल्या वस्तीवर. मी तिथं कधी गेले नव्हते. आत पाऊल टाकलं आणि भट्टीत शिरल्यासारखं झालं. वर उघडा पत्रा. मी त्यांच्याशी कधी मोठ्यानं बोलले नव्हते, पण त्या दिवशी निघून गेलं तोंडातून, "अप्पा, पिंपात फेस उरला हुता की तवा. हितं का न्हाय मारून घेतला?"

तो उरलेला फेस त्यांनी शाळेच्या नव्या पत्र्यावर मारायला लावला होता, हे मला नंतर कळलं. अप्पा माझ्याकडं बघून खोकत खोकत हसले.

"अगं पोरी, मी थोडाच नासतोय?"

ते गेले त्या सकाळी गाव आधी केंद्रावर आलं. सगळ्यांनी दूध घातलं, मी झाकणं लावली आणि मग आम्ही वस्तीकडं निघालो. पोचायला उशीर झाला, पण दूध नासू दिलं नव्हतं.