लुआनबाई बाहेर जेवायला जातात

ताइनान शहरात माणसं सकाळी तोंड धुतात आणि थेट खानावळीच्या बाकावर जाऊन बसतात. गल्लीच्या तोंडाशी माशाची पेज, पुढच्या वळणावर नूडल्स, देवळाच्या पायरीशी आल्याच्या पाकातला मऊसूत टोफू. अशा गावात अख्खा जन्म काढूनही छाय लुआनबाई बाहेर जेवणाऱ्यांची कीव करत. "घरी कुणी रांधणारं नसेल बिचाऱ्यांना," असं पुटपुटत त्या भाजीची पिशवी सावरत खानावळीसमोरून निघून जायच्या. आत बसलेल्यांना ऐकू गेलं तरी त्यांना फिकीर नसे.

तसं म्हणायचा त्यांना हक्कही होता, कारण त्यांच्या हाताला चव होती. त्यातही बाहचांग करावेत तर लुआनबाईंनीच. बांबूच्या हिरव्या पानांत चिकट तांदूळ, शेंगदाणे, डुकराचं मांस, अळिंबी आणि खारवलेल्या अंड्याचा बलक घालून सुतळीने आवळलेले ते तिकोनी पुडे. होड्यांच्या सणाच्या आधी त्यांच्या मागच्या अंगणात भलं मोठं पातेलं रटरटायला लागलं की शेजारणी काही ना काही निमित्त काढून डोकावून जात. कुणी प्रमाण विचारलं तर लुआनबाई नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवत. "मापं कसली घेऊन बसलीस? हे सांगतं सगळं."

घरात माणसं चार. नवरा वू जिनफा शहराच्या बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त. मुलगा कारखान्यात शिफ्टवर. आणि सून यीच्येन, उत्तरेकडच्या शिन्चूची. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने हौसेने माहेरच्या पद्धतीचे बाहचांग केले होते, तांदूळ आधी परतून घ्यायचे आणि मग पुडे वाफवायचे. लुआनबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण हा पानात बांधलेला परतलेला भात झाला. बाहचांग कुठाय?" सगळे हसले, यीच्येनही हसली. मात्र त्यानंतर ती स्वयंपाकघरात भांडी घासण्यापुरतीच येऊ लागली.

यंदा नववर्षानंतर लुआनबाईंना ताप आला. चांगला सणकून आला आणि आला तसा उतरलाही. अंगात जरा ताकद येताच त्या कढईत शेंगदाणे भाजायला उभ्या राहिल्या. झारा फिरवत होत्या, मनात कसलातरी विचार चालू होता. तेवढ्यात जिनफा बाहेरून ओरडत आला, "अगं, घर पेटवतेस की काय!" लुआनबाईंनी खाली पाहिलं. दाणे कोळसा झाले होते, धूर त्यांच्या तोंडावरच येत होता, डोळ्यांत पाणी होतं, पण नाकाला काहीच कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं. तापाने वासाची नस दुखावली आहे म्हणाले, परत येईल, नाही असं नाही, पण कधी ते सांगता येत नाही. रोज ओळखीच्या वस्तू हुंगत राहा. लुआनबाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन जिनफाला बजावलं, "मुलाला नि सुनेला सांगायचं नाही. माझा स्वयंपाक मला पाठ आहे."

पण पाठ नव्हता. सोया सॉसमधलं मांस त्यांनी नेहमीसारखं केलं, निदान त्यांना तसं वाटलं.  जेवताना मुलगा दोन ग्लास पाणी प्यायला. यीच्येन मान खाली घालून भाताबरोबर थोडं थोडं मांस गिळत राहिली आणि शेवटी "आई, पोट भरलं," म्हणाली. लुआनबाईंना मीठ जास्त झाल्याचं वाईट वाटलं नाही. आपल्या पानावर लोक शिष्टाचाराने जेवतायत, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी त्याच वेळी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं, कढया घासून पालथ्या घातल्या आणि म्हणाल्या, "आजपासून ज्याचं त्याने बघावं."

दोन-तीन दिवस घरात पाकिटातल्या नूडल्स उकळल्या. मग एका सकाळी जिनफाने स्कूटर बाहेर काढली आणि जादाचं हेल्मेट बायकोसमोर धरलं.

"चल."

"कुठे?"

"पेज खायला."

"मला चव कळत नाही, वास कळत नाही. मी येऊन काय करू? बाक उबवू?"

"भूक तर कळते ना? चल मुकाट्याने."

"म्हाताऱ्या माकडा, तुला बाहेर खायला निमित्तच हवं होतं," असं म्हणत का होईना, त्या मागे बसल्या.

पेजेच्या दुकानात जिनफा सराईतासारखा आत शिरला, स्वतःच चमचे घेतले, स्वतःच टेबल पुसलं. ते लुआनबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी पेज तोंडात घातली. गरम आणि खारट, बस. पुठ्ठा भिजवून खाल्ला असता तरी एवढंच कळलं असतं. पण माशाच्या पोटाचा तुकडा जिभेवर आला तेव्हा त्या थबकल्या. तो कसा अलगद सुटला, चरबीचा पदर टाळूला कसा चिकटला, हे त्यांना नीट कळलं. "शिजवलाय बरोबर," त्या म्हणाल्या. "विस्तवावरून वेळेत काढलाय."

जिनफाला तेवढंच पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी तो त्यांना वाम माशाच्या नूडल्स खायला घेऊन गेला, कारण ते तुकडे दाताखाली कुरकुरतात. मग कोळंबीचे तळलेले रोल. मग बर्फाच्या किसावर आंब्याच्या फोडी. लुआनबाई दातांनी, जिभेने, कानांनीसुद्धा खायला शिकत होत्या. कुठे पीठ जास्त मळलंय, कुठे तेल नीट तापलं नव्हतं, हे त्या बसल्या जागी सांगत आणि जिनफा आजूबाजूला बघत म्हणे, "हळू बोल, मला इथे परत यायचंय."

एके दुपारी तो त्यांना ताजं वाँग्वा खायला घेऊन गेला. म्हणजे तांदळाच्या पिठाचा घोल वाटीत वाफवून केलेला, खरवसासारखा थुलथुलीत पदार्थ. दुकानाची मालकीण शू-ये, साठीची, आडव्या बांध्याची बाई. जिनफाला बघताच ती आतूनच ओरडली, "आफा दादा! बस बंद झाली नि तोंडही दाखवेनासे झालात!" मग तिचं लक्ष लुआनबाईंकडे गेलं. तिने हात पुसले आणि जवळ आली.

"वहिनी? बाहचांगवाल्या वहिनी?"

लुआनबाई गोंधळल्या. "तुम्ही मला कशा ओळखता?"

"अहो, ओळखायचं काय त्यात! हे डब्यातून तुमचे बाहचांग आणायचे, अर्धा तोडून मला द्यायचे आणि वर म्हणायचे, शू-ये, तुझं वाँग्वा चांगलंय, पण आमच्या घरचं खाऊन बघ. कोपऱ्यावरच्या नूडल्सवाल्याला विचारा, पेजवाल्याला विचारा. तुमच्या हातचं खाल्लं नाही असं या रस्त्यावर कोण आहे? आम्हाला तर वीट आला होता ऐकून ऐकून."

लुआनबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. जिनफाने वाटीत डोकं घातलं होतं.

बाहेर आल्यावर त्या स्कूटरवर बसेनात. "म्हणजे डबाही खायचास आणि बाहेरही?"

"बस चालवून भूक लागते."

"ते राहू दे. घरी कधी एका शब्दाने म्हणाला नाहीस. माझ्यासमोर जेवलास, उठलास, हात धुतलेस. आणि इथे अख्ख्या रस्त्याला सांगत फिरलास?"

"घरी म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, काय हवंय ते सांग."

ते खरंच होतं. लुआनबाई तसंच म्हणाल्या असत्या. त्यांना रागही आला होता आणि हसूही येत होतं. त्या मागे बसल्या आणि त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. वाटेत पेट्रोल भरायला ते थांबले. नळी टाकीत गेली आणि लुआनबाईंनी मान वर केली.

"हे कसलं?"

"काय कसलं?"

"हे. उग्र. डोक्यात जाणारं." त्या उतरल्या आणि पंपाकडे वाकल्या. पंपावरची मुलगी घाबरून म्हणाली, "आजी, मागे व्हा, ते पेट्रोल आहे!"

"पेट्रोल आहे!" जिनफा तिच्यावरच ओरडला. "ऐकलंस ना? पेट्रोल आहे म्हणते! आ-लुआन, तुला पेट्रोलचा वास आला!" तिथल्या तिथे त्याचे डोळे भरून आले. मागच्या स्कूटरवाल्याने भोंगा वाजवला तरी तो हलला नाही.

त्यापुढचे दिवस मात्र सरळ गेले नाहीत. वास परत येत होते, पण भलत्याच रूपाने. कॉफीला गटाराचा वास, मांसाला जळक्या टायरचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तळलेला लाल कांदा, ज्याच्याशिवाय त्यांच्या घरातला एकही पदार्थ होत नसे, त्याचा वास आला की त्या नाक दाबून अंगणात पळत. नस जुळताना असं होतं, डॉक्टर म्हणाले, चांगली खूण आहे. "चांगली खूण तुम्हीच हुंगा," लुआनबाई म्हणाल्या.

तशात होड्यांचा सण तोंडावर आला. बाजारात हिरव्या पानांच्या जुड्या लागल्या. शेजारणी हळूच विचारून गेल्या. लुआनबाई "यंदा नाही" म्हणत राहिल्या. पण एका सकाळी उठून पाहतात तो अंगणातल्या घमेल्यात पानं भिजत घातलेली. यीच्येन उकिडवी बसून एकेक पान पुसत होती.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही." यीच्येनने मान वर केली नाही. "आई, तुमचे हात चालतात, कान चालतात. नाक नि जीभ माझी घ्या. मला कुठे काही येतं? तुम्ही सांगाल ते करेन."

"तू केलेस तर पुन्हा परतलेला भात होईल."

"मग तुम्ही उभ्या राहून होऊ देऊ नका."

 सुनेने इतकं ठणकावून बोललेलं लुआनबाईंनी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते त्यांना आवडलं, हेही त्यांच्या लक्षात आलं.

कांदा यीच्येनने तळला. लुआनबाई तोंडाला ओला पंचा बांधून अंगणाच्या टोकाला उभ्या होत्या आणि तिथून सूचना सोडत होत्या. "ऐक, चरचर आवाज येतोय ना? तो बारीक झाला की काढ. आता! आता काढ! रंगाची वाट बघू नकोस, बाहेर आल्यावर तो आपोआप चढतो." तांदूळ किती भिजलाय ते त्यांनी नखाने दाबून ठरवलं. मग यीच्येनने सारणाचं मांस चाखलं आणि चमचा पुन्हा त्यात घातला.

"बोल की."

"गोड जास्त झालंय."

"ताइनानमध्ये गोडच असतं. तुम्हा उत्तरेकडच्यांना..."

"आई, मला आता ताइनानचं गोड कळतं. इतकी वर्षं तुमच्या हातचं जेवतेय. हे त्याहून गोड आहे."

 पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. लुआनबाईंना ते मांस स्वतः चाखून खात्री करून घ्यावीशी वाटत होती, आणि चाखून काही उपयोग नाही हेही ठाऊक होतं. अखेर त्यांनी तोंडावरचा पंचा खाली ओढला.

"मग काय घालायचं?"

"थोडा सोया सॉस. आणि..." यीच्येन अडखळली. "आमच्याकडे पांढरी मिरी घालतात."

"घाल."

पुडे बांधताना यीच्येनच्या हातातून तांदूळ सांडत होते, कोपरे उघडे पडत होते. लुआनबाईंनी तिची बोटं धरून पान कसं वळवायचं ते दाखवलं. तिचे पहिले पुडे बेढब झाले, एक तर पातेल्यातच फुटला. लुआनबाई इतक्या हसल्या की जिनफा काय झालं म्हणून बघायला आला आणि त्याला लगेच दोरी कापायच्या कामाला जुंपलं.

संध्याकाळ व्हायच्या आत पहिली खेप निघाली. जिनफाने पान सोडलं, वर शेंगदाण्याची पूड घातली आणि खाऊ लागला. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या. त्याने सवयीप्रमाणे गपचूप खाल्लं, उठायला लागला, मग बायकोचा चेहरा पाहून परत बसला.

"आधीसारखे नाहीत," तो म्हणाला. "आधी जिभेवर गोड राहायचं. आता मागून तिखट येतं. चांगलं लागतं. खरंच चांगलं लागतं, आ-लुआन. सूनबाई, आणखी एक सोड."

"काय हवंय ते सांग," लुआनबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनाच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः स्कूटरवर मागे बसून रस्ताभर बाहचांग वाटून आल्या. शू-येने दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तिथेच एक सोडून खाल्ला. "मिरी कुणाची?" तिने विचारलं. "माझ्या सुनेची," लुआनबाई म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत, पण निघताना दोन वाट्या वाँग्वा बांधून घेतलं, यीच्येनला आवडतं म्हणून.

वास अजून सगळे आलेले नाहीत. कॉफी सुधारली, तळलेला कांदा कधी बरा तर कधी नकोसा. गेल्या आठवड्यात बाजारात पेरूच्या टोपलीजवळून जाताना मात्र पेरूला पेरूचाच वास आला. त्या तिथेच उभ्या राहिल्या, एक पेरू उचलला, नाकाला लावला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "घ्यायचाय की नुसता हुंगायचाय?" विक्रेती म्हणाली. त्यांनी पिशवीभर घेतले.

घरी आल्यावर त्यातले चांगले निवडून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळले आणि यीच्येनला हाक मारली.

"तुझ्या आईला फोन लाव. सुट्टीत तुझ्याबरोबर आम्ही दोघंही शिन्चूला येतोय म्हणावं. आणि विचार, तिथे सकाळी बाहेर काय चांगलं मिळतं?"

"आई, आमची आई घरीच करेल की सगळं."

"घरचं दुपारी," लुआनबाई म्हणाल्या. "सकाळी आपण बाहेर जाऊ."