गुळवेलीचा काढा आणि माझं यकृत

डॉक्टरांनी पहिला प्रश्न दारूचा विचारला. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे, नितीनकडे पाहिलं. त्यानेही मान हलवली. मग डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा रिपोर्ट आमच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "लिव्हर सिऱ्हॉसिस आहे."

सिऱ्हॉसिस म्हणजे यकृताचा चांगला भाग मरत जातो आणि त्याच्या जागी जखमेच्या व्रणासारखा कडक भाग तयार होतो. तो पुन्हा मऊ होत नाही. माझं वय तेव्हा एक्केचाळीस होतं आणि त्या क्षणी मला फक्त एवढंच सुचलं, की सोमवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे.

त्यांनी पुढे विचारलं, की कुठलं औषध, गोळी, पावडर, जडीबुटी असं काही चालू आहे का. थायरॉइडची गोळी सोडून काही नाही, असं मी सांगितलं. मी खोटं बोलत नव्हते. दहीभाताला जसं कुणी औषध म्हणत नाही, तसा मला काढा औषध वाटतच नव्हता. नितीन म्हणाला, "अगं, काढा."

"कसला?"

"गुळवेलीचा. रोज सकाळी घेते. दोन वर्षं झाली."

डॉक्टरबाईंनी पेन उचललं आणि कागदावर ते लिहून घेतलं.

हे लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी. गुळवेल वाईट आहे असं मला सांगायचं नाही. आमच्या घरात तिघं तोच काढा घ्यायचो. नितीनला काही झालं नाही, माझ्या सासऱ्यांना काही झालं नाही. मला झालं.

काढा सासरे करायचे. मी त्यांना बाबा म्हणते. ते मेळघाटात वनरक्षक होते. सगळी नोकरी जंगलात गेली. तिथल्या कोरकू आदिवासींकडून त्यांनी झाडपाला शिकून घेतला होता आणि त्यांचा हात चांगला होता. परतवाड्याला असताना कुणाच्या पोराला ताप आला, कुणाला आव झाली, की लोक आधी त्यांच्याकडे यायचे. सासूबाई गेल्यावर नितीन त्यांना पुण्याला घेऊन आला, धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये. इथे त्यांना काही कामच नव्हतं. आम्ही दोघं हडपसरला नोकरीला. मुक्ता शाळेत. ते बाल्कनीत बसून राहायचे.

पहिल्याच वर्षी त्यांनी पार्किंगजवळच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी गुळवेलीची कांडी लावली. कडुनिंबावर चढलेली गुळवेल सगळ्यात गुणाची, असं ते म्हणायचे. मग लॉकडाउन आला. प्रतिकारशक्ती हा शब्द जो तो बोलू लागला, आणि बाबांना एकदम काम मिळालं. रोज सकाळी ते अंगठ्याएवढी कांडी ठेचायचे, पाणी अर्धं होईपर्यंत उकळायचे आणि आमच्या लॅपटॉपशेजारी पेले आणून ठेवायचे. मुक्ता नाक मुरडायची. मी निमूट प्यायचे. कडू असायचा, पण खरं सांगते, माझी कायमची सर्दी त्या वर्षी गेली. सोसायटीतले लोकही कांड्या मागायला येऊ लागले. बाबांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. ते पाहून मी कधीच नको म्हटलं नसतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मला थकवा येऊ लागला. मग अंगाला खाज. मी थायरॉइडच्या नावावर ढकललं. एक दिवस मुक्ता म्हणाली, "आई, तुझे डोळे पिवळे दिसतायत." कावीळ. फॅमिली डॉक्टरांनी बाहेरच्या पाण्याचं निमित्त सांगितलं, विश्रांती घ्यायला लावली, तेल-तूप बंद केलं.

आणि बाबांनी काढा दुप्पट केला. काविळीवर गुळवेल हा त्यांचा हुकमी उपाय होता. आता सकाळ-संध्याकाळ. वर पुनर्नवेच्या मुळ्या. ते माझ्यासमोर उभे राहून पेला रिकामा होईपर्यंत थांबायचे. सहा आठवड्यांत माझं पोट इतकं फुगलं, की लिफ्टमध्ये एका बाईंनी कितवा महिना म्हणून विचारलं.

ते पाणी होतं. त्याला असायटिस म्हणतात. यकृत आतून कडक झालं, की रक्ताला वाट मिळत नाही आणि पोटात पाणी साठतं. मोठ्या हॉस्पिटलात ते सुई घालून काढलं, आणि तिथेच पहिला प्रश्न दारूचा झाला.

पुढचे अकरा दिवस मी ॲडमिट होते. मानेच्या शिरेतून नळी घालून बायॉप्सी केली, म्हणजे यकृताचा तांदळाएवढा तुकडा तपासायला घेतला. रिपोर्टमध्ये ऑटोइम्यून हेपटायटिससारखं चित्र होतं. आपल्याच शरीराची फौज आपल्याच यकृतावर धावून जाते, तो हा आजार. डॉक्टरांनी समजावलं, की माझा थायरॉइडचा आजारही याच जातीचा. अशा माणसाची फौज आधीच बिथरलेली असते. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते. कदाचित तिने ती फौज माझ्यावर सोडली असेल.

"कदाचित?" नितीनने विचारलं.

"निश्चित कुणीच सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आजपासून एक थेंबही नको."

हे बाबांना कोण सांगणार, हा प्रश्न होता. नितीनने सांगितलं, मी घरी यायच्या आदल्या दिवशी. काय बोलणं झालं ते मला त्याने कधी सांगितलं नाही. मी आले तेव्हा कडुनिंबाचा बुंधा उघडा होता. वेल मुळापासून काढलेली होती.

नातेवाइकांनी बाबांसाठी एक पळवाट शोधून काढली. वेल चुकीची असेल, असं ते म्हणू लागले. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी विषारी वेल असते, वयोमानाने ओळखायला चूक होते. सगळे हे प्रेमानेच बोलत होते. बाबांना ते सहन झालं नाही. त्यांनी सोसायटीत एकाकडे लावलेल्या आपल्याच वेलीची पानं आणि कांडी पिशवीत घातली आणि नितीनला घेऊन नारायण पेठेतल्या एका जुन्या वैद्यांकडे गेले. तिथलं बोलणं नितीनने मला सांगितलं.

वैद्यांनी कांडी मोडून पाहिली, पान चोळलं, चाखलं. "गुळवेलच आहे," ते म्हणाले. "उत्तम आहे."

बाबांनी श्वास सोडला.

"सुनेला काय झालं होतं?" वैद्यांनी विचारलं.

"काही नाही. तब्येत चांगली राहावी म्हणून देत होतो."

"काही झालं नव्हतं, मग औषध कशाला?"

पुढे वैद्यांनी विचारलं, दोन वर्षांत मध्ये कधी थांबला होता का. नाही. तिची प्रकृती, तिचे आधीचे आजार पाहिले होते का. थायरॉइडचं बाबांना माहीत होतं, पण त्याचा याच्याशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं. वैद्य म्हणाले, "आम्ही नाडी पाहिल्याशिवाय सुंठसुद्धा देत नाही, आणि तुम्ही सबंध सोसायटीला वाटलीत." मग बहुधा त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी बाबांना पाणी दिलं आणि फी घेतली नाही.

बाबा परतीच्या रिक्षात नितीनला एवढंच म्हणाले, "वेल बरोबर होती."

मला तेव्हापासून वाटतं, की ती चुकीची निघाली असती तर त्यांना जगणं सोपं गेलं असतं.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. चेहरा सुजून गोल झाला, पण बिलिरुबिन उतरलं. बिलिरुबिन म्हणजे रक्तातला तो पिवळा रंग. यकृत थकलं की तो वाढतो; निरोगी माणसात एकच्या आसपास असतो. चार महिने मला वाटलं, आपण यातून निघालो. गोळ्या कमी करताच तो पुन्हा चढला. दुसरी औषधं दिली. त्यांचाही काही उपयोग झाला नाही. मग एक दिवस डॉक्टर ट्रान्सप्लांटवर आल्या. यकृत बदलणं हा एकच मार्ग उरला होता.

माझा रक्तगट ओ. मला ओ गटाचंच यकृत चालतं. नितीन बी आहे. मुक्ता लहान. माझ्या भावाचा गट जुळला, तो यवतमाळहून तपासणीला आला, पण त्याच्या यकृतावर इतकी चरबी निघाली की त्याला नाकारलं. तो कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता.

त्या दिवशी बाबा आमच्याबरोबर आले होते. एरवी ते हॉस्पिटलात यायचे नाहीत. ते सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले आणि खिशातून नोकरीतलं जुनं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यावर रक्तगट लिहिलेला होता.

"ओ आहे," ते म्हणाले. "माझं घ्या."

डॉक्टरांनी वय विचारलं.

"चौऱ्याहत्तर. पण मी अजून सिंहगड चढतो. दारू नाही, तंबाखू नाही."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. इतक्या वयाच्या माणसाचं यकृत घेता येत नाही, ऑपरेशनमध्येच त्यांचा जीव जाईल, हे त्यांनी फार हळू समजावलं. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "गेला तर जाऊ द्या. मी लिहून देतो."

"काका, तसं आम्हाला करता येत नाही."

त्यांनी ओळखपत्र उचललं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं. त्या आठवड्यातच ते परतवाड्याला निघून गेले. आम्ही अडवलं, पण माझ्या डोळ्यांसमोर राहणं त्यांना झेपत नव्हतं आणि खरं सांगायचं तर, मलाही ते झेपत नव्हतं.

मग यादी. मरण पावलेल्या माणसाचे नातेवाईक अवयव द्यायला तयार झाले, तर ते यादीतल्या क्रमाने मिळतात. पहिल्या वर्षात एकदाच फोन आला. मी दुसऱ्या क्रमांकावर होते. पहिला पेशंट काही कारणाने अपात्र ठरला तर तुमचा नंबर, तयार होऊन या, असं सांगितलं. सकाळी सातला आम्ही पोहोचलो. उपाशीपोटी, हाताला सलाइन लावून मी पडून होते. समोरच्या खोलीत तो पहिला पेशंट होता. पंचविशीतला मुलगा. त्याची आई दाराशी जपमाळ घेऊन बसली होती. त्याला ताप निघावा, म्हणजे माझा नंबर लागेल, असं मला मनापासून वाटलं. हेही लिहिलं पाहिजे, कारण तुम्ही त्या खोलीत असाल तर तुम्हालाही तसंच वाटेल. दुपारी दीडला त्याला आत नेलं आणि आम्हाला घरी जायला सांगितलं.

नोकरी मी सोडली. एका सकाळी मी क्लायंटला मेल लिहिला, आणि टीमलीडने फोन करून विचारलं की बरी आहेस ना. मेलमध्ये एकही वाक्य पूर्ण नव्हतं. याला हेपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात. यकृत गाळत नाही ते विष मेंदूत जातं आणि माणूस भ्रमिष्ट होतो. त्याच दिवशी मी मुक्ताला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते, आणि ती ओ देत होती.

बाबांचा दर रविवारी फोन यायचा. ते तब्येत विचारायचे नाहीत. "किती आलं?" एवढंच विचारायचे. त्यांना बिलिरुबिनचा आकडा हवा असायचा. तो वाढत चालला तेव्हा मी खोटा सांगू लागले. तीन. तीन पॉइंट एक. कधी दोन पॉइंट नऊ. खरा आकडा तेव्हा नऊच्या पुढे होता. नितीनलाही मी तसंच सांगायला लावलं होतं.

या दिवाळीनंतर एका रविवारी मी तीन म्हटल्यावर त्यांची भाषा बदलली. रागावले किंवा भावुक झाले, की ते आपसूक वऱ्हाडीवर येतात.

"सुजाता, आठ महिन्यांपासून तू मले तीन सांगून रायली," ते म्हणाले. "मी जंगलात माणसं मरताना पाह्यली हायेत. खरं सांग."

मी सांगितलं. अकरा. पोटातलं पाणी आता आठवड्याला काढावं लागतं. दोनदा रक्ताची उलटी झाली. डॉक्टर आता यादीबद्दल बोलताना पुढचा महिना असं म्हणत नाहीत. मी थांबले नाही, सगळं सांगून टाकलं.

ते रडले नाहीत. "मी दिलं तुले ते," एवढं म्हणाले.

मी नाही म्हणू शकले असते. कदाचित, निश्चित नाही, हे डॉक्टरांचे शब्द तयार होते. पण त्यांनी खरं विचारलं होतं. मी म्हटलं, "हो बाबा. आणि मी घेतलं. आता तुम्ही या."

ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. हातात एकच बॅग, झाडपाल्याची पुडी एकही नाही. तेव्हापासून ते इथेच आहेत. सकाळी लॅक्टुलोजचं गोड सिरप मोजून देतात. पोट साफ राहिलं की डोकं साफ राहतं. माझी सलाइनने काळीनिळी झालेली मनगटं पाहून ते मान फिरवत नाहीत आता. दुपारी मुक्ता शाळेतून आली, की आम्ही तिघं बसतो. परवा तिने त्यांना विचारलं, आई बरी होईल का. ज्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर काहीतरी पाला असायचा, त्या माणसाने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, "मले माहीत नाही, बाळा." ती रडली. मग आम्हीही रडलो. या घरात आम्ही पहिल्यांदाच एकत्र रडलो.

तुमच्या घरी काढा असेल, चूर्ण असेल, परदेशातून आलेली सप्लिमेंटची बाटली असेल, तर डॉक्टरांना सांगा. ती नैसर्गिक आहे म्हणून वगळू नका. थायरॉइड असेल, संधिवात असेल, तर घेण्याआधी विचारा. आणि ज्याने प्रेमाने दिलं त्याला घरातून जाऊ देऊ नका. बाबा दूर होते ते माझं एक वर्ष वाया गेलं.

मी बरी होईन असं मला वाटत नाही. डॉक्टरांचे, माझ्या भावाचे, त्या मुलाच्या आईचेही मला आभार मानायचे आहेत. त्याला आत नेल्यावर तिने माझ्या खाटेपाशी येऊन माझ्या पायांना हात लावला होता. तो मुलगा आता कामावर जातो, असं कळलं. मला बरं वाटलं. ते मनापासून वाटलं, याचंच मला आश्चर्य वाटलं.