गहू, गूळ, वांगं

सुरी मागायला आलेल्या माणसाला भीमाण्णा आधी विचारायचे, "कापायचं काय?" मी पहिल्यांदा गेले तेव्हा खानावळ नुकतीच काढली होती आणि डोक्यावर घाई बसलेली. म्हटलं, "सगळंच." मान वर न करता ते म्हणाले, "समदं कापनारी सुरी म्या अजून केल्याली न्हाय, अक्का. घरी जावा, इचार करा, मग या." मला असा राग आला! नवी पेठेत दुकानांची रांग लागलेली, आणि हे कोण मला परत पाठवणारे? तरी दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं गेले आणि कांदा, मेथी, भोपळा असा पाढा म्हणून दाखवला.

पेठेच्या मागच्या बोळात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची भट्टी होती. घराणं अक्कलकोटकडचं, त्यामुळे बोलणं मराठीत आणि रागावणं कानडीत. सुरीसाठी ते नवं लोखंड घेत नसत. भंगारातून जुन्या ट्रकच्या कमानीचे पाटे आणायचे. "जलमभर उसाचं वझं सोसल्यालं हाय हे," पाट्यावर थाप मारून सांगायचे. "काकडीला काय भिनार हाय?" मुठीसाठी बाभळीचा गाभा, तोही उन्हापावसात वाळवून करडईच्या तेलात मुरवलेला. पात्याचं शेपूट मुठीत बसवताना लाख आणि विटकरीची पूड वितळवून ओतायचे. त्यांचं म्हणणं, "पातं मोडून सुरी मरत न्हाय. मुठीत पानी शिरून मरती." माझ्या पहिल्या सुरीनं खानावळीतल्या किती स्वयंपाकिणी पाहिल्या, देव जाणे. झिजून ती बोटाएवढी उरली, पण मूठ हलली नाही.

लोहाराच्या घरात घण बाईच्या हातात असतो. भीमाण्णा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसायचे आणि त्यांची बायको निलव्वा पदर खोचून, उभं राहून घण घालायची. कुठं मारायचं ते भीमाण्णा हातातल्या लहान हातोडीनं टिचकी मारून दाखवायचे. त्या टिचकीवर घण पडायचा. दोघांत शब्द म्हणून नसायचा.

बोलणं व्हायचं ते पात्याला पाणी देताना, आणि ते एकट्या निलव्वाचं. लालभडक पातं विझवलं की ते काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणून ते घासून पुन्हा मंद आचेवर धरायचं. मग त्याच्यावर रंग चढत जातात, आणि नेमक्या रंगाला ते पाण्यात बुडवलं तर पातं चिवट होतं, जन्मभर टिकतं. निलव्वा शेजारी उकिडवी बसून म्हणायची, "गहू... गहू... अजून गहूच... गूळ." गूळ म्हटलं की भीमाण्णा पातं बुडवायचे. उशीर झाला तर वांग्याचा रंग येतो आणि धार मऊ पडते. मला वाटायचं, ही त्यांची काहीतरी रीत असावी, घरात आरती एकानं म्हणायची आणि टाळ दुसऱ्यानं वाजवायचे तशी.

मग निलव्वा वाळायला लागली. दर खेपेला पाहावं तर आणखी बारीक. चोळीच्या बाह्या लोंबायला लागल्या, घण उचलताना ती दोनदा श्वास घ्यायची. मी म्हणाले, "अगं, दवाखान्यात जा." ती म्हणाली, "जाईन की. मी तितं जाऊन पडले तर गूळ कोन सांगनार?" मी हसले. मनातून मात्र मला भीमाण्णांचा संताप यायचा. बायको डोळ्यांदेखत झिजते आहे आणि हा माणूस तिच्याकडून घण घालून घेतो आहे. शेवटी ती दवाखान्यात गेली ती उचलूनच न्यावी लागली. पोटातलं दुखणं पार पसरलं होतं. ती परत आलीच नाही.

भीमाण्णांनी काही दिवसांनी एकट्यानं भट्टी पेटवली. घणावाचून होतील अशा लहान सुऱ्या ते करू लागले. मी आपली माया म्हणून एक घेतली. आठवड्याच्या आत तांबड्या भोपळ्यात तिचं टोक मोडून राहिलं. माझा विश्वास बसेना. त्यांची सुरी मोडते? तो तुकडा घेऊन मी भांडायलाच गेले.

त्यांनी तुकडा हातात घेतला आणि मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "अक्का, लाल जाळ तेवडा अंदुक दिसतो. मला गहू बी दिसत न्हाय अन् गूळ बी न्हाय. लई सालं झाली. निलव्वा सांगायची, म्या बुडवायचो."

मी खाली बसले. "आणि हे कुणालाच ठाऊक नाही?"

"आंदळ्या लोहाराकडं कोन येनार? ती म्हनली, माजं डोळं हायेत की, कशाला चिरफाड करून घेता?" मग त्यांनी माझ्याकडं, म्हणजे माझा आवाज येत होता तिकडं, तोंड केलं. "ती गेल्यावर जेवड्या सुऱ्या इकल्या तेवड्या परत आना. माज्या हातची मोडनारी सुरी कुनाच्या घरात ऱ्हायला नगं."

मी घरोघर निरोप धाडले. आलेल्या सुऱ्या त्यांनी एकेक करून ऐरणीवर ठेवल्या आणि हातोड्यानं फोडल्या. त्या दिवशी मी त्यांचं ऐकलं नाही. रिक्षात बसवून थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू पिकून पांढरे झाले होते. डॉक्टर मलाच ओरडले, इतके दिवस काय करत होता म्हणून.

दोन्ही डोळ्यांची पट्टी निघाली, काळा चष्माही सुटला, तेव्हा मी डबा घेऊन गेले. मला वाटलं होतं, भट्टी पेटलेली दिसेल. भट्टी थंड होती. भीमाण्णा आतल्या खोलीत निलव्वाच्या फोटोपुढं उभे होते. त्यांच्या मोहोळच्या लेकीकडं बारसं झालं तेव्हा मोबाइलवर कुणीतरी काढलेला फोटो मोठा करून, हार घालून भिंतीला लावला होता.

"ह्यो कदीचा म्हनायचा?" त्यांनी विचारलं.

"बारशातला. तुम्ही होता की तिथं."

"व्हतो. शेजारीच बसलो व्हतो." ते फोटोच्या अगदी जवळ गेले. "गालफाडं बसल्यात. गळ्याची हाडं वर आल्यात. अक्का, तुमाला दिसत व्हतं हे?"

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांनाच दिसत होतं."

इतके दिवस ज्या माणसाचा मी राग केला, त्याच्याकडं मला बघवेना. मी डबा तिथंच कोनाड्यात ठेवला. भीमाण्णा फोटोसमोरून हलले नाहीत.

"घण हळू पडाय लागला तवा म्या इचारलं तिला, का गं? तर म्हनली, लई जाड झालेय, दम लागतोय." त्यांनी फोटोवरचा हार जरा बाजूला सारला. "जलमात कदी रंग चुकीचा सांगितला न्हाय तिनं. मग म्या ते बी खरं धरलं."