बिनफोडणीचं सूप

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांना नीट गिळता येईना. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना मला बजावलं, भाज्यांचं सूप द्या, घट्ट कढीइतकं आणि एकदम गुळगुळीत. एखादा कणही श्वासनलिकेत जायला नको. दोन आठवड्यांनी सोमवारी आणा, तोवर पोटात पुरेसं गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. बाबांना बोलता येत नव्हतं, पण नळीचं नाव काढताच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी पांढुर्ण्याच्या शाळेतून सुट्टी टाकून सौंसरला माहेरी आले. सांगितलेलं ऐकलंच पाहिजे, ही माझी मास्तरकीची खोड. कोहळं, लौकी, गाजर आणि दाटपणासाठी एक बटाटा कुकरमध्ये पार गाळ होईपर्यंत शिजवायचं, मिक्सरमधून काढायचं, मग गाळणीवर चमच्याने रगडायचं. हाताला घट्टे पडायची वेळ आली. भरवायचं मात्र आईने, तो तिचा हक्क. मला दोन गरम भाकरी थापून द्यायची, मी मागून जेवते म्हणायची आणि वाटी घेऊन बाबांजवळ जायची.

बाबा खायचे, पण दर दोन-चार घासांना ठसका. चेहरा लालबुंद व्हायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. मी मिक्सरचं पातं बदललं. बारीक गाळणी आणली, मग मलमलचं फडकं. लौकी जून दिली म्हणून बाजारात भाजीवालीशी भांडले. ठसका काही थांबेना.

शेवटच्या शनिवारी दुपारी बाबांची हनुवटी पुसली, तर टॉवेलवर मोहरीचा दाणा.

मी तो टॉवेल तसाच स्वयंपाकघरात नेला आणि आईपुढे धरला. तिने लपवलं नाही. मी गाळून ठेवलेल्या सुपावर ती रोज माझ्या भाजीच्या फोडणीतून चमचाभर ओतत होती.

"बिनफोडणीचं मी पावण्याले बी कधी वाढलं नाही," ती बाबांच्या खोलीकडे हात करून म्हणाली. "मंग यायले कसं वाढू?"

"तू त्यांचा जीव घेशील," मी म्हणाले. बोलायला नको होतं, पण बोलले. आईने वाटी माझ्या हातात दिली आणि ती बाहेर जाऊन बसली.

त्या संध्याकाळी मीच भरवलं. ठसका एकदाही लागला नाही, पण दोन चमच्यांनंतर बाबांनी ओठ मिटले ते मिटलेच. रविवारी सकाळी तेच. मी विनवलं, रागावले, उद्या नळी घालतील म्हणून धाकही दाखवला. आजारी माणसाचा इतका राग येऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुपारी आई गॅसपाशी आली. तेल तापवलं, मोहरी तडतडू दिली, जिरं, लसूण टाकला. मग चहाच्या गाळणीवर माझंच मलमलचं फडकं घालून तेल गाळलं.

"पाहून घे," ती म्हणाली. "एक दाना नाही."

मी वाटी उजेडात धरून पाहिली. ते तेल सुपात घालून मिक्सर पुन्हा फिरवला. आई भरवायला बसली. वास येताच बाबांनी तोंड उघडलं. वाटी संपली, ठसका नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी संतापच आला. दोन आठवडे मी कण शोधत बसले आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. तिने तरी आधी का नाही केली!

मी तणतणतच भांडी घासायला गेले. आईने फडक्यातली मोहरी आणि लसूण आपल्या वाटीत झटकला आणि जेवायला बसली. वाटीत मिक्सरमध्ये उरलेलं बाबांचं सूप होतं.

"तुझी भाकर कुठं आहे?" मी विचारलं.

"यायच्यासमोर मले भाकर मोडवत नाही," ती म्हणाली.

टोपल्यात दोनच भाकरी होत्या. रोजच्यासारख्या, माझ्या.