कड्यावरची कारवी

दरीचा फोटो काढताना कड्यावरची कारवी मध्ये येत होती, म्हणून मी ती मुळासकट उपटली. चूक माझीच.

वाट दाखवायला आलेले वाडीतले धोंडूमामा खाली बसून तिच्या कळ्या चाचपू लागले. "सात वर्षांनी एकदाच फुलते ही, साहेब, आणि बी टाकून मरते. एवढी थांबली बिचारी. तुम्हाला चार पावलं बाजूला सरकता आलं नाही?"

मी हसून विषय टाळला. फोटो छान आला. तो पाहिला की वाटतं, मी माणसांनाही असंच वाटेतून काढत आलो. आता समोर मोकळं दिसतं ते नुसतं रिकामं आहे.

यंदा धोंडूमामांना घेऊन पुन्हा गेलो. आजूबाजूला कारवीचे नवे कोंब होते, मी उपटली तिथे मात्र उघडा खडक.

"मामा, त्या दिवशी हसलो, तेही चुकलं. ती आता परत येणार नाही. तरी माफ करा."