उपास होता, साहेब

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझे यजमान शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसले होते. मॅचच्या आधी बसायचे तसेच.

हे इथल्या पोलादाच्या प्लांटच्या फुटबॉल टीममध्ये डिफेन्सला खेळायचे. नोकरीही खेळाच्या कोट्यातली. वरून आलेला बॉल डोक्यानं परतवायचा, हेच यांचं काम.

सुरुवात साधी होती. जवळच्या सुपेल्याच्या बाजारात भाजी आणायला गेले आणि पार लांब जामुलच्या बसस्टॉपवर सापडले. मी भांडले. तुमच्या घरी असं झालं तर भांडू नका, डॉक्टरांकडे न्या.

एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचा आतला फोटो. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी यांना हिंदीत विचारलं, या कोण? आयुष्यभर प्लांटात हिंदी बोललेला माणूस आता मराठीच बोलतो.

"नर्सबाई हायेत," हे म्हणाले.

बेचाळीस वर्षांचा संसार. मी उगाच पदर सारखा केला.

मग डॉक्टरांनी विचारलं, खेळताना डोक्याला मार लागून कधी बेशुद्ध पडला होतात?

हे जराही अडखळले नाहीत. "नाही साहेब. उपास होता, म्हणून चक्कर आली." आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर सांगितलं ना, अशा नजरेनं.

ते वाक्य माझं होतं. हे मैदानावर कितीदा तरी पडले. अनफिट ठरले तर टीममधून नाव जाईल, म्हणून मीच त्यांना पढवलं होतं. कधी एकादशी, कधी संकष्टी, कधी नुसताच गुरुवार. टीमच्या डॉक्टरांना आमचं घर भारी देवभोळं वाटायचं. आम्ही दोघं घरी येऊन हसायचो. आता यांच्या आठवणीतून माझं नाव गेलं, लेकीचं गेलं, ते वाक्य तेवढं राहिलं.

मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. वारंवार बसलेल्या मारानं असं होऊ शकतं, पण नक्की सांगता येत नाही, असं ते म्हणाले. स्वतःला दोष देऊ नका, हेही म्हणाले. भला माणूस. त्यांचे उपकार आहेत, पण तेवढं एक मला जमत नाही.

गोळ्यांनी यांना झोप लागते. आठवण परत येत नाही. ज्यांच्या घरात कुणी खेळतं त्यांना मी एवढंच सांगते, मार लपवू नका.

ताट वाढलं की हे हात मागे घेतात. "उपास हाय." आधी मी रडायची. आता समोर बसते आणि म्हणते, "सुटला जी उपास. मीच खोटं सांगितलं होतं. जेवून घ्या."

मग हे दाराकडे बघतात, जवळ सरकतात आणि हळूच विचारतात, "बाई, डॉक्टरले माहीत तं नाही पडणार ना?"